प्रेसनोटमधला ‘उद्या’

“शिबिर आज नाही, उद्या आहे! तुमच्या पेपरात आज कसं काय छापलं?”

सकाळी ऑफिसमध्ये पाऊल टाकलं तेव्हा फोन वाजत होता. उचलला, तर पलीकडून हे वाक्य आलं. बोलणारे काझी सर होते, गंगापूरचे निवृत्त शिक्षक. कृत्रिम पायांची मापं घेण्याचं शिबिर ते वर्षातून एकदा भरवतात. पुण्याहून तंत्रज्ञ येतात, एक दिवस मापं घेतात आणि जातात. या वर्षीचं शिबिर बुधवारी होतं. आमच्या दैनिकाच्या गंगापूर पानावर छापलं होतं, ‘आज, मंगळवारी’. आणि तो मंगळवार होता.

“सर, तुमच्या प्रेसनोटमध्ये काय होतं?” मी विचारलं.

“उद्या लिहिलं होतं. साफ लिहिलं होतं, उद्या सकाळी दहा वाजता. मियाँ, लोक गावातून निघाले असतील. कुबड्या घेऊन. हॉलला कुलूप बघतील, परत जातील आणि उद्या पुन्हा येणार नाहीत. मैं क्या मुँह दिखाऊँ उनको?”

प्रेसनोट म्हणजे एखाद्या संस्थेने वर्तमानपत्राकडे स्वतःहून पाठवलेली बातमी. ही प्रेसनोट सोमवारी आली होती. आमच्या कामात आज आणि उद्या हे दोन शब्द धोक्याचे असतात. बातमी लिहिली जाते सोमवारी आणि वाचली जाते मंगळवारी. म्हणून सोमवारी आलेल्या कागदावर उद्या असेल, तर छापताना त्याचा आज करावा लागतो. बातम्या तपासून पानं लावणाऱ्या विभागाला डेस्क म्हणतात. डेस्कवरच्या नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकवली जाते. इथेही तेच झालं होतं. उद्याचा आज केला होता आणि घोळ नको म्हणून पुढे वारही घातला होता.

अडचण अशी की काझी सर तरुणपणी तालुका वार्ताहर होते. त्यांनाही हा नियम ठाऊक होता. वाचकाच्या हातात पेपर मंगळवारी पडणार, म्हणून बुधवारला त्यांनी आधीच उद्या म्हटलं होतं. आमची दुरुस्ती त्यांनी घरीच करून पाठवली होती. डेस्कने ती पुन्हा केली. नियम दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळला गेला आणि दिवस चुकला.

ते पान एस्तेर साळवे यांनी लावलं होतं.

साळवे मॅडम जिल्हा पानांच्या प्रमुख. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज खणखणीत, बोलणं कमी आणि धारदार. वडील जालना जिल्ह्यात एका लहानशा चर्चचे पाळक होते. जिल्हा डेस्कचं काम दुपारी सुरू होतं. मॅडम सकाळीच येत. आदल्या दिवशी लावलेली सगळी पानं वाचकाने वाचावीत तशी वाचत. मग स्वतःला एक प्रश्न विचारत, बऱ्याचदा मोठ्याने: “आज नाही झालं तर पुन्हा होणारच नाही, असं काय आहे?” जे असेल ते आधी करत. बाकीची कामं त्यामागे. ऑफिसात त्यांच्याइतकं काम कुणी उरकत नव्हतं, आणि त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या दिवसाबद्दल काहीही कबूल करायचं झालं की त्या ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असं म्हणत. मीटिंग असो, रजा असो, नाहीतर कँटीनमध्ये कुणाला चहा पाजायचा असो. यावरून डेस्कवर थट्टा चाले. एका उपसंपादकाने एकदा विचारलं, “मॅडम, प्रभूची इच्छा असेल तर शनिवारी सुट्टी मिळेल का?”

मॅडमनी मान वर केली नाही. “प्रभूची असेल. माझी नाही.”

मी त्यांना एकदा विचारलं होतं, हे सारखं म्हणायचं कशाला? त्या म्हणाल्या, “भालेराव, आम्ही प्रार्थनेत भाकर मागतो ती त्या दिवसापुरती. महिन्याचं रेशन मागत नाही. दिवसही तसेच मिळतात, एकेक. उद्याचा अजून माझ्या हातात आलेला नाही. तो मी तुम्हाला कबूल कसा करू? आजचा आलाय, त्याचा हिशेब मात्र द्यावा लागेल.” एवढं बोलून त्यांनी पुढची बातमी उघडली.

काझी सरांचा फोन ठेवला तेव्हा त्या समोर बसून पानंच वाचत होत्या. मी सांगितलं. त्यांनी गंगापूरचं पान काढलं, बातमीवर बोट ठेवलं.

“हे माझं.”

“मॅडम, प्रेसनोटमध्येच घोटाळा होता. उद्या एवढंच लिहिलंय. वार नाही, तारीख नाही.”

“बघितली होती मी. शंका आली असती तर फोन केला असता. शंकाच आली नाही. ती माझी चूक.”

त्यांनी डोळे मिटले. पर्समधून चष्मा शोधायला लागतो तेवढाच वेळ. उघडले तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता.

“गाडी आणलीय ना तुम्ही?”

“आणलीय. पण आधी खुलासा लिहून ठेवू?” खुलासा म्हणजे चूक मान्य करणारी छोटी चौकट. ती दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापतात.

“खुलासा उद्या येईल. लोक आज येताहेत. चला.”

जिना उतरता उतरता त्यांनी काझी सरांना फोन लावला. मी शेजारीच होतो, म्हणून दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

“सर, साळवे बोलतेय. ती बातमी मी बिघडवली. रागवा, पण नंतर. तंत्रज्ञ कुठे आहेत?”

“तुमच्याच संभाजीनगरात. काल आले. स्टेशनजवळच्या लॉजवर आहेत. सामान गाडीतच आहे.”

“हॉल मिळेल आज?”

“आज वहाँ साखरपुडा है. मांडव घातलाय.”

“ठीक. तुम्ही हॉलच्या दारात जाऊन बसा. येईल त्याला चहा द्या. कुणालाही परत जाऊ देऊ नका.”

“त्यांना सांगू काय?”

“पेपरवाली बाई येतेय म्हणा. शिव्या तिच्यासाठी राखून ठेवा.”

औरंगपुऱ्याच्या गल्लीतून गाडी बाहेर काढायलाच बराच वेळ गेला. समोर टेम्पो उलटा लागला होता आणि रिक्षावाला त्याला मागे घ्यायचं शास्त्र शिकवत होता. तेवढ्यात संपादकांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“साळवे, कुठे आहात? अकरा वाजता माझ्या केबिनमध्ये बसू. प्रेसनोट आणा, पानाची प्रत आणा. लेखी स्पष्टीकरण पण लागेल. उद्या कुणी नोटीस पाठवली तर आपल्याकडे कागद हवा.”

“लेखी देते सर. संध्याकाळी. आत्ता गंगापूरला निघालेय.”

“तिथे जाऊन काय करणार?”

“शिबिर आज घेता येतंय का बघते.”

“आणि जिल्हा पानं कोण काढणार?”

“मीच. तीनपर्यंत परत येते, प्रभूची इच्छा असेल तर.”

“प्रभूला सांगा, डाक आवृत्ती आठला सुटते.” डाक आवृत्ती म्हणजे लांबच्या तालुक्यांसाठी सगळ्यांत आधी छापला जाणारा अंक. तिची गाडी कुणासाठी थांबत नाही.

“सांगते सर,” मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या हसल्या नाहीत. पण चिडल्याही नाहीत. संपादकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्तमानपत्राला स्वतःला सांभाळावंच लागतं. फक्त ते काम संध्याकाळी केलं तरी चालणार होतं.

लॉजवर तंत्रज्ञांचे प्रमुख कदम पोहे खात बसले होते. सोबत दोन सहकारी. तिघांच्या पाठपिशव्या तयार होत्या.

“आज आमचा मोकळा दिवस आहे मॅडम,” कदम म्हणाले. “या दोघांनी शहराजवळची लेणी पाहिलेली नाहीत. कधीपासून ठरलंय.”

“तुमची सुट्टी मी मोडतेय, ते मला कळतंय. पण लोक वाटेत आहेत. चूक तुमची नाही, काझी सरांची नाही. माझी आहे.”

“चूक कुणाची का असेना, मटेरियल एका दिवसाचंच आणलंय. आज वापरलं तर उद्या येतील त्यांचं काय करू?”

“काय कमी पडेल?”

“प्लास्टर बँडेज. बाकी आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत सर्जिकल सामानाची दुकानं आहेत. मी ऑफिसातल्या शिपायाला फोन केला. त्याने पेटी घेऊन गंगापूरच्या काळीपिवळी जीपमध्ये ठेवायची, ड्रायव्हरचा नंबर मला द्यायचा, असं ठरलं. कदम हे सगळं पोह्यांची प्लेट हातात धरून ऐकत होते.

“मॅडम, तुम्ही नाही म्हणायला जागाच ठेवत नाही,” ते म्हणाले.

“आहे की जागा. नाही म्हणा. मी तशीच जाऊन लोकांना सांगेन.”

कदमांनी सहकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांतला एक म्हणाला, “लेणी काय, कुठं पळून जात नाहीत.” पाठपिशव्या परत खोलीत गेल्या.

वाळूजच्या पुढे गेल्यावर मॅडमनी गंगापूरच्या पाळकांना फोन लावला. तिथे एक जुनं, छोटं चर्च आहे. मागे पत्र्याचा हॉल. पाळक म्हणाले की हॉल आहे, नळाला पाणीही आहे, पण दुपारी महिलांची प्रार्थनासभा ठरली आहे.

“घ्या ना सभा,” मॅडम म्हणाल्या. “बहिणींना म्हणावं, आज प्रार्थना हातांनी करायची आहे. बादल्या, जुने टॉवेल आणि स्टो घेऊन या.”

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ बाहेर पाहत राहिल्या. मला वाटलं त्या काळजीत आहेत. मी म्हणालो, “मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. अशा चुका होतात.”

“मनाला लावून घ्यायला वेळ कुठाय? वडील सांगायचे, पश्चात्ताप म्हणजे रडत बसणं नव्हे. चुकीच्या रस्त्याने निघालात हे कळलं की मागं वळायचं. वळल्यावर चालायला तर लागायचं. रडून रस्ता कापला जात नाही.” मग म्हणाल्या, “वैजापूरच्या पानाला आज मुख्य बातमी नाहीये. बघा काही सुचतंय का.”

गंगापूरच्या हॉलसमोर पस्तीस-चाळीस माणसं होती. काही मांडवाच्या सावलीत, काही रस्त्याकडेच्या कट्ट्यावर. आत साखरपुड्याची गाणी लागली होती. काझी सर डोक्याला रुमाल बांधून चहाच्या किटलीपाशी उभे होते. आम्ही उतरलो तसा एक म्हातारा काठी टेकत पुढे आला.

“पेपरवाले आलेत व्हय? या, या. लई भारी छापता. आमी पाय मोजायला आलो, हितं पोरीचा साखरपुडा चाललाय. आता आमच्या पायाला काय अंगठी घालता?”

लोक हसले. हसण्यात राग होता.

मॅडम कट्ट्याजवळ उभ्या राहिल्या. “मी एस्तेर साळवे. ही बातमी मी छापली. शिबिर उद्याचं होतं, मी आज लिहिलं. चूक माझी आहे. मापं घेणारी माणसं आली आहेत, गाडीत सामान आहे, जागा मिळाली आहे. तुमची मापं आजच घेतली जातील.”

“आन् जे उद्या येतील, त्यांचं?”

“त्यांची उद्या.”

“बाई,” म्हातारा म्हणाला, “तुमी आता आज-उद्या काय बी बोलू नका. वार सांगा.”

या वेळचं हसणं मोकळं होतं. मॅडमही हसल्या. “मंगळवारी. म्हणजे आत्ता. चर्चच्या हॉलमध्ये चला.”

म्हातारा थांबला. “किरिस्ताव करायचा बेत नाय ना आमाला?”

“आज वेळ नाही हो काका. आज फक्त पाय.”

लोक उठायला लागले. याच वेळी एक बाई उलट दिशेला, एसटी स्टँडकडे निघाली होती. तिशीची असेल. हातात पिशवी, चालताना एका बाजूला झोक. काझी सरांनी हाक मारली. ती थांबली नाही. मॅडम मागे गेल्या.

“ताई, तिकडे कुठे? हॉल या बाजूला आहे.”

“लोक म्हणायलेत शिबिर उद्याला हाय. उद्या मला जमायचं नाय.”

“आजच होतंय. आत्ता सांगितलं मी.”

तिने विश्वास न बसल्यासारखं पाहिलं. “पक्कं का? का परत फिरवता?”

“पक्कं.”

तिचं नाव सुनीता वाहूळ. काही वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय तेव्हाच बसवला होता. मधल्या काळात ती खंगली आणि पाय सैल झाला. आत साडीच्या चिंध्या कोंबून ती काम भागवत होती. दुसऱ्या दिवसापासून तिला चितेगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला लागायचं होतं. भावाचं घर चितेगावातच होतं; तिथे राहून काम करायचं ठरलं होतं.

“ठेकेदारानं एवढंच इचारलं, उभं ऱ्हाता येतं का. मी म्हनलं, येतं. उद्या नाय गेले तर दुसरी बाई हाय त्याच्याकडं. ती वाटच बघायलीय.”

म्हणजे छापलेला दिवस बरोबर असता, तर सुनीता शिबिराला येऊच शकली नसती. हे माझ्या लक्षात आलं आणि मी मॅडमना हळूच सांगितलं. दिलासा द्यावा हा हेतू. त्यांनी मला तिथेच थांबवलं.

“चुकीला पुण्य चिकटवू नका भालेराव. ती आलीय, आता तिचं काम व्हायला हवं. तेवढंच बघा.”

चर्चच्या हॉलमध्ये बाया जमल्या होत्या. कुणी बादल्या भरत होतं, कुणी टॉवेल फाडत होतं, एकीने स्टोवर मोठं भगुणं चढवलं होतं. बाकं भिंतीला लावली होती. कदमांच्या माणसांनी कामाला सुरुवात केली.

हे काम असं असतं. पायाच्या उरलेल्या भागावर पातळ कापड चढवतात. त्यावर ओलं प्लास्टर बँडेज गुंडाळतात. ते घट्ट झालं की अलगद काढून घेतात. तो झाला साचा. या साच्यावरून एक वाटी तयार होते. तिला सॉकेट म्हणतात. माणसाचा सगळा भार या वाटीत असतो. साचा नीट आला तर नवा पाय स्वतःचा वाटतो. चुकला तर चपलेत खडा घेऊन जन्मभर चालावं तसं होतं.

एकेकाचं माप होत होतं. काळीपिवळीतून प्लास्टरची पेटी आली. ड्रायव्हर पेटी उतरवून थेट म्हाताऱ्याशी गप्पा मारत बसला आणि सवारी त्याला हॉर्न वाजवून बोलवायला लागल्या.

सुनीताचा नंबर आला. कदमांनी चिंध्या सोडल्या आणि हात थांबवला. वाटीच्या काठाला घासून घासून कातडी सोलवटली होती. जखम ओली होती.

“साचा घेता येणार नाही,” ते म्हणाले.

“का बरं?” सुनीता ताडकन म्हणाली.

“जखमेवर सूज आहे ताई. आज साचा घेतला तर सुजेसकट येईल. सूज उतरली की वाटी बसणार नाही. परत हेच. जखम भरू द्या, मग घेऊ.”

“मंग मी उद्या उभी कशी ऱ्हाऊ?”

कदम चांगले कारागीर होते. खोटा धीर त्यांना देता येत नव्हता. काझी सर पुटपुटले, “साहब, घ्या ना. इतक्या लांबून आलीय.”

“काझी सर, मी घेईन. पण पाय बसणार नाही. मग काय उपयोग?”

सुनीताने चिंध्या उचलल्या आणि पुन्हा पायाला गुंडाळायला घेतल्या. डोळे कोरडे होते. ती उठून जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

मॅडम तिच्या शेजारी बाकावर बसल्या. “कदमसाहेब, साचा आज होणार नाही, ते समजलं. आज काय होऊ शकतं?”

“आज?”

“नवा पाय नको. जुन्याचं बोला. उद्या तिला आठ तास उभं राहायचंय. त्यासाठी आज या पायाला काय करता येईल?”

कदमांनी जुना पाय हातात घेतला. फिरवून पाहिला. आतून बोट फिरवलं. “काठ घासून मागे घेता येईल. जिथे टोचतोय तिथे मोकळं करू. आतून फोमचं अस्तर दिलं तर हलणार नाही. जखमेवर भार पडायचा नाही.” मग थोडं थांबून, “पण हे तात्पुरतं. महिनाभर, फार तर.”

“आणि साचा?”

“पुढच्या दोन महिन्यांत आम्ही संभाजीनगरच्या केंद्रावर येत राहणार. शुक्रवारी असतो.”

“कंपनीची सुट्टी शुक्रवारची,” सुनीता पटकन म्हणाली.

“मग झालं की.”

गाडीतून घासायचं मशीन आलं. कदमांनी इतर मापं सहकाऱ्यांवर सोपवली आणि स्वतः तो पाय घेऊन दाराशी बसले. काठ घासला, अस्तर कापलं, चिकटवलं, पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. पाळकांच्या पत्नी परिचारिका होत्या. त्यांनी जखम धुऊन पट्टी केली आणि ती रोज कशी बदलायची ते दाखवलं. मॅडम घड्याळाकडे पाहत नव्हत्या. मी पाहत होतो. परत पोचायची वेळ हातातून निसटत होती.

“मॅडम, निघायला हवं.”

“हो. तिला एकदा उभी राहू द्या.”

सुनीताने पाय चढवला. पट्टा आवळला. उठली. आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून. हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. मग एका जागी उभी राहिली. नुसती उभी राहिली. बायाही तिच्याबरोबर उभ्या होत्या. स्टोवरचं पाणी उतू गेलं तेव्हा कुणालातरी भान आलं.

“टोचायलं का?” कदमांनी विचारलं. दिवसभरात त्यांच्या तोंडात तिथली बोली बसली होती.

“नाय,” ती म्हणाली. “ऱ्हाता येतंय.”

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पर्स उचलली आणि गाडीकडे चालू लागल्या. काझी सर सोडायला आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. बहुधा माफी मागायची होती. प्रेसनोटमध्ये वार त्यांनीही लिहिला नव्हता. मॅडमनी त्यांना संधी दिली नाही. “उद्याची तयारी ठेवा सर. हॉलवर पाटी लावा, माणूस बसवा. आणि कदमांना जेवू घाला. सकाळच्या पोह्यांवर आहेत ते.”

आम्ही उशिराच पोचलो. मॅडम आल्या तशा खुर्चीत बसल्या. वैजापूरच्या पानाला मुख्य बातमी मिळाली, गंगापूरच्या पानावर बुधवारच्या शिबिराची बातमी लागली, खाली दोन ओळींचा खुलासा. डाक आवृत्ती वेळेवर सुटली. त्यानंतरच त्या स्पष्टीकरण लिहायला बसल्या. संपादकांनी ते माझ्यासमोर वाचलं. एवढंच होतं: ‘प्रेसनोटमधील उद्या हा शब्द मी विचारणा न करता बदलला. शंका यायला हवी होती, ती आली नाही. चूक माझी आहे.’

“यात गंगापूरचं काहीच नाही,” संपादक म्हणाले. “तिथे जे केलंत ते लिहा. उपयोगी पडेल.”

“स्पष्टीकरण चुकीबद्दल मागितलं होतं सर.”

संपादकांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. नोटीस आली नाही, म्हणून तो पुन्हा बाहेर निघाला नाही. त्या आठवड्यात डेस्कवर एक सूचना लागली: वार आणि तारीख नसलेली प्रेसनोट फोन केल्याशिवाय घ्यायची नाही. सूचनेवर सही संपादकांची होती. भाषा मॅडमची होती, ते सगळ्यांना कळत होतं.

बुधवारचं शिबिर ठरल्याप्रमाणे झालं. मंगळवारी मापं दिलेल्यांपैकी दोघं-तिघं पुन्हा आले, नुसता चहा प्यायला. म्हातारा त्यांत होता.

काही आठवड्यांनी काझी सरांची नवी प्रेसनोट आली. तयार पाय वाटायचा कार्यक्रम होता. त्यात वार होता, तारीख होती, महिना होता, साल होतं, वेळेपुढे ‘सकाळी’ होतं. तळाला ठळक अक्षरांत: ‘कृपया यात सुधारणा करू नये.’ मॅडमनी तरीही फोन करून खात्री केली. काझी सर पलीकडे इतके हसले की मला माझ्या टेबलावर ऐकू आलं.

सुनीता वाहूळ त्या कार्यक्रमात नव्हत्या. त्यांनी एका शुक्रवारी साचा दिला होता आणि नंतरच्या एका शुक्रवारी नवा पाय नेला होता. मला वाटलं, ही बातमी चांगली होईल. फोटोग्राफरला घेऊन मी चितेगावला गेलो. दुपारची वेळ होती. गेटवर नाव सांगितलं, परवानगी मिळाली. कँटीनमध्ये वाफ, भांड्यांचा आवाज, रांग. सुनीता मोठ्या परातीमागे उभ्या राहून ताटं वाढत होत्या. मला ओळखलं. फोटोग्राफरने कॅमेरा वर केला तशी त्यांनी पळी हलवून त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

“साहेब, आत्ता टायम नाय. दुसरी शिफ्ट बसायलीय.”

आम्ही बाजूला झालो. थोडा वेळ थांबलो. शिफ्ट लांबली. मग निघालो.

ऑफिसात येऊन मॅडमना सांगितलं, बातमी मिळाली नाही. त्या वैजापूरचं पान लावत होत्या.

“कामावर होती ना?”

“हो.”

“उभी होती?”

“हो.”

“मग बरंय,” त्या म्हणाल्या आणि पुढची बातमी उघडली. ती जागा आम्ही बाजारभावांच्या तक्त्याने भरली.

हल्ली मी पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवायला जातो. चूक झाली तर काय करायचं, असा प्रश्न दर वर्षी येतो. खुलासा कसा लिहायचा ते मी फळ्यावर लिहून दाखवतो. ते काम दोन ओळींचं आहे. त्याआधी तुमच्या चुकीमुळे आत्ता कोण रस्त्यावर उभं आहे ते शोधा, असं सांगतो. हे मात्र कुणी वहीत उतरवून घेत नाही.